घर पाडू का, विचारताय? आधी छताला हात लावा

प्रश्न : आमचं सहकारनगरमध्ये स्वतःचं घर आहे. सासऱ्यांचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड पानशेतच्या पुरात गेलं. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६४ साली, त्यांनी हे बैठं घर बांधलं. काळ्या दगडाचं जोतं, विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. २००६ मध्ये आम्ही कौलं काढून स्लॅब टाकला, त्यावर दोन खोल्या चढवल्या, पश्चिमेची गॅलरी सरकत्या काचा लावून आत घेतली. गाडीसाठी आंबा काढला आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवले. आता एप्रिल उजाडला की वरच्या मजल्यावर रात्री अकरापर्यंत बसवत नाही. दोन एसी आहेत, बिल बघवत नाही. मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. तो म्हणतो, हे पाडून तीन मजली 'ग्रीन होम' बांधू. त्याच्या ओळखीच्या आर्किटेक्टनं थ्रीडी चित्रंही दिली आहेत : दर्शनी बाजूला सगळी काच, एका भिंतीवर झाडंच झाडं, वर सोलर. यजमानांना मात्र वाडा हवाय. जुन्या बाजारातून दोन कोरीव सागवानी खांब आणून त्यांनी पोर्चमध्ये ठेवलेसुद्धा. मला ग्रीन नको, वाडा नको, मला उकडायला नको. काय करू?
– उकडून निघालेली, सहकारनगर

ताई,

"मला उकडायला नको" हे तुमचं वाक्य मी चिठ्ठीवर लिहून टेबलासमोर चिकटवलंय. अडतीस वर्षं लोकांच्या घरांचे नकाशे काढतोय. लोक पूर्वी मासिकांतली कात्रणं आणायचे, हल्ली फोन पुढे करतात. पण घराकडून काय हवंय ते इतकं चोख सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटलं. तेव्हा थ्रीडी आणि कोरीव खांब घटकाभर राहू देत. उकाडा कुठून शिरला त्याचा माग काढू.

तुमचंच पत्र पुन्हा वाचा. घर १९६४ चं, आणि तक्रार २००६ नंतरची. मधली बेचाळीस वर्षं तुमच्या सासूबाई त्याच भिंतींत, एका पंख्यावर राहिल्या. म्हणजे घराचं वय झालं म्हणून ते तापायला लागलं, हे काही पटत नाही. कौलं गेली, आंबा गेला, गॅलरी गेली, अंगणातली माती गेली. सावली धरणाऱ्या आणि वारा खेळवणाऱ्या चार गोष्टी तुम्ही एका दमात काढून टाकल्यात. रागावू नका, त्या काळात मीही लोकांना हेच करून देत होतो. माझ्या स्वतःच्या फ्लॅटला तळजाईची टेकडी दिसावी म्हणून मी पश्चिमेला सहा फुटी खिडकी घेतली. गेली एकोणीस वर्षं तिच्यावर जाड पडदा आहे आणि तळजाई बघायला मी चालत जातो.

आता छत. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो, अंगणात काठी उभी केली तर तिची सावली तिच्याच पायाशी गडप होते. त्या वेळी भिंतींवर ऊन जवळजवळ नसतंच, सगळं छतावर ओतलेलं असतं. एप्रिल-मेच्या दुपारी थोड्याफार फरकानं हेच चालू असतं. कौल जेमतेम बोटाच्या जाडीचं. तापतं लवकर आणि निवतंही लवकर, शिवाय दोन कौलांमधल्या फटींतून आढ्याखालची गरम हवा निघून जाते. तुमचा पाच इंची स्लॅब मात्र दिवसभर ऊन पीत राहतो आणि संध्याकाळी सातला, बाहेर झुळूक सुटायच्या वेळी, ते सगळं खाली सोडायला लागतो. रात्री अकरा ही तुमची वेळ त्याचीच आहे. तोवर त्याचं देणं संपलेलं नसतं.

यावर मुलगा विचारेल की वाड्याच्या भिंती तर स्लॅबपेक्षा जाड, मग त्या कशा गार? त्या दिवसभर सावलीत असायच्या. जड वस्तू सावलीत ठेवली तर माठ, उन्हात ठेवली तर तवा. आणि माठाचं हे तंत्र पुण्याला फार मानवतं, कारण इथली रात्र गार होते. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८-३९ ला आणि पहाटे २०-२२ ला, असा फरक मुंबईला मिळत नाही. रात्रीची गार हवा आत घ्यायची, भिंतींना पाजायची आणि सकाळी आठच्या आत खिडक्या लावून ती दिवसभर पुरवायची. माझी आजी हेच करायची आणि त्याला 'घर झाकणं' म्हणायची. आपण नेमकं उलटं करतो : दुपारी 'वारा येऊ दे' म्हणून खिडक्या उघडतो आणि रात्री एसीसाठी लावून घेतो.

आज रात्री एक काम करा. एसी बंद ठेवा आणि दहा वाजता मुलाला वरच्या खोलीत स्टुलावर चढवा. तळहात छताला टेकवून दहा मोजायला सांगा. मग पश्चिमेची भिंत, मग पूर्वेची, मग खालच्या मजल्यावर येऊन जोत्यालगतची भिंत. प्रत्येक ठिकाणी गार, कोमट की गरम ते वहीत लिहायचं. मी पैजेवर सांगतो, छत गरम निघेल, पश्चिम त्याच्या पाठोपाठ, आणि तुमच्या सासऱ्यांची जोत्यालगतची भिंत गार. कुठे खर्च करायचा याची यादी तुम्हाला त्या वहीत मिळेल, आणि थ्रीडीवाल्यापेक्षा स्वस्तात.

छतावर काय करायचं? लोक लगेच कोबा म्हणतील. विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक, हा आपल्याकडचा जुना आणि चांगला इलाज आहे. ऊन परत फिरवतो, पाणीही अडवतो. पण कोबा वजनदार असतो. २००६ साली विटांच्या भारवाहक भिंतींवर स्लॅब आणि वर दोन खोल्या चढवल्यात, तेव्हा कुणा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलं होतं का? पत्रात तसा उल्लेख नाही, आणि अशा गोष्टी लिहायला लोक विसरतातही. तो आधी येऊ दे. तोपर्यंत येत्या रविवारी गच्ची झाडून धुवा आणि चुना लावा. कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, थोडा डिंक घालून तीन हात. पावसात तो धुऊन जाईल, जाऊ दे, तोवर उन्हाळा संपलेला असेल. सोमवारी रात्री परत छताला हात लावा. फरक हाताला कळला तर पुढच्या वर्षी पक्कं काम करा. उन्हाची चकाकी समोरच्यांच्या बाल्कनीत जाईल, त्यांना आधी सांगून ठेवा; शेजाऱ्यांशी भांडण लावून घराला गारवा येत नाही.

मुलाला सोलर हवंय ना? त्यासाठी घर कशाला पाडायचं? तीन किलोवॉटची पॅनेलं साधारण तीनशे चौरस फूट जागा घेतात आणि तेवढ्या गच्चीवर छत्री धरतात. फक्त ती गच्चीला चिकटवून बसवू नका. खालून वारा जाईल इतक्या उंच घोडीवर घ्या. एका किलोवॉटला दिवसाकाठी सरासरी चारेक युनिट वीज धरा. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल चुकूनही पाण्याच्या टाकीच्या सावलीत येऊ देऊ नका. एक कोपरा झाकला तरी उत्पादन बरंच घटतं, आणि मग लोक कंपनीला शिव्या देतात.

पश्चिमेकडे वळू. दक्षिणेचं ऊन छज्जा अडवतो, कारण ते उंचावरून येतं. पश्चिमेचं चार-पाच वाजताचं ऊन आडवं असतं, ते छज्जाखालून सरळ आत घुसतं. तुमच्या गॅलरीला पूर्वी कठडा होता, खोली तिच्या मागे सावलीत होती. आता ती काचेची पेटी झालीय. आतून पडदे लावून उपयोग नाही. काचेतून ऊन आत आलं म्हणजे आलं. मग पडदा ओढायचा म्हणजे चोर घरात घेऊन कडी लावायची. अडवायचं ते काचेच्या बाहेर : बांबूच्या चिका, लाकडी पट्ट्या, नाहीतर तारांवर चढवलेली मधुमालती. पूर्वी वाळ्याचे पडदे बांधून त्यावर पाणी मारायचे. कोरड्या एप्रिल-मेमध्ये तो प्रकार आजही बिनतोड आहे, पण जूनची दमट हवा सुरू झाली की काढून ठेवायचा; कूलर तेव्हा का चालत नाही, तेच कारण.

आणि त्या सरकत्या खिडक्या. सरकत्या खिडकीचं एक गुपित दुकानदार सांगत नाही : दोन पाखांची असेल तर ती कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही. दहा फुटांच्या काचेतून पाच फुटांचा वारा. त्या जागी पाखं उघडणाऱ्या खिडक्या घ्या, बाहेर गज, आत डासांची जाळी. जाळी नसेल तर रात्री खिडकी उघडायचा सल्ला देऊन मी फक्त तुमची शिवी खाईन. खालच्या मजल्यावर खिडक्यांच्या वर फूटभर उंचीचे व्हेंटिलेटर असतील, साठच्या दशकातल्या घरांना ते असायचेच. बहुतेक एसी बसवताना तुम्ही ते प्लाय मारून बंद केले असतील. गरम हवा वर जाते आणि तिथूनच बाहेर पडते. ती वाट मोकळी करा.

अंगणाचे पेव्हर ब्लॉक गाडीच्या चाकोऱ्यांपुरते ठेवा, बाकी उचला. पश्चिमेला पुन्हा झाड लावा. शेवगा दोन वर्षांत सावली देईल, पण वादळात फांद्या टाकतो म्हणून गाडीवर नको. बकुळ सावकाश वाढते, पण ती लावणाऱ्याच्या नातवंडांची असते, दोन्ही लावा. वड, पिंपळ, उंबर भिंतीजवळ उगवले तर रोपटं असतानाच काढा. पावसाचं म्हणाल तर हजार चौरस फूट गच्चीवर पुण्याच्या सातशे मिलिमीटर पावसातून, गळती वगैरे सोडून, पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं. पाच टँकर. ते सध्या तुमच्या पेव्हरवरून गटारात जातं.

आता मुलाबद्दल. त्याची बाजू मला पूर्ण चूक वाटत नाही. त्याला जागा कमी पडत असेल, त्याला त्याचा मजला हवा असेल. ती गरज खरी आहे, आणि ती 'पर्यावरण' या शब्दामागे दडवायची काही गरज नाही. फक्त पाडून बांधलेल्या घराला ग्रीन म्हणताना त्यानं एक हिशेब करावा. आपल्या ठेकेदारांचा ठोकताळा असा, की आरसीसी बांधकामाला चौरस फुटाला साधारण ०.४ पोतं सिमेंट आणि चारेक किलो सळई लागते. तीन मजले मिळून साडेचार हजार फूट धरले, तर १,८०० पोती, म्हणजे ९० टन सिमेंट, आणि १८ टन लोखंड. सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत १,४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. त्यात जळणाचा धूर वेगळाच, शिवाय त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे तो यामुळे. तुमच्या घराच्या विटा १९६४ सालीच भाजून झाल्यात. त्यांचा धूर केव्हाच उडून गेला, त्या फुकट उभ्या आहेत. दर्शनी काचेबद्दल मी फार बोलत नाही. काचेची इमारत थंड देशात ऊन साठवायला बरी. सहकारनगरात ती एसीची कायमची वर्गणी आहे. झाडांच्या भिंतीला रोज पाणी आणि दर महिन्याला माळी लागतो. त्याचे पैसे कोण देणार, एवढंच विचारा.

पण इंजिनिअरनं तपासून सांगितलं की स्लॅबच्या सळया गंजून फुगल्यात, सिमेंटचे पोपडे सळईसकट सुटतायत, भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा गेल्यात आणि त्या रुंदावतायत, तर भावनेपोटी घर धरून बसू नका. पाडा. मात्र मग नकाशा उन्हाकडे बघून काढून घ्या. जिना, संडास-बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळचं ऊन त्यांनी सोसावं. निजायच्या खोल्या पूर्वेला किंवा उत्तरेला. मधे आठ बाय आठचा का होईना, वर उघडा चौक. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची रॅट-ट्रॅप पद्धत लॉरी बेकर यांनी केरळात रुळवली. तिच्यात पाव हिश्श्यानं विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. पुण्यात ती जमणारे गवंडी आहेत, पण आधी एक कुंपणाची भिंत बांधून घेऊन हात बघा. आणि जुनं सागवान, शहाबादी फरशी, जोत्याचा घडीव दगड भंगारवाल्याला किलोवर देऊ नका.

राहिले यजमान आणि त्यांचा वाडा. माझा जन्म शनिवार पेठेतल्या वाड्यातला, दोन खणी बिऱ्हाडातला. त्यामुळे वाड्याबद्दल मला दोन्हीकडून बोलायचा हक्क आहे असं मी समजतो. माजघर भर मे महिन्यात माठाच्या पोटासारखं गार असायचं, हे खरं. आणि इतकं अंधारं, की आजीला भर दुपारी सुईत दोरा ओवायला चौकात यावं लागायचं, हेही खरं. सकाळी संडासापुढे टमरेलांची रांग, पावसात कडीपाटाच्या छतातून ठिबकणारी माती. ते कुणी खांब कोरून परत आणत नाही, म्हणून बरं. वाडे पडले ते काही सगळे म्हातारपणानं पडले नाहीत. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली. ज्या बिऱ्हाडाचं भाडं दहा-पंधरा रुपये, त्याचं छप्पर मालक कशाला शाकारेल? उरलेल्यांतले नदीकाठचे कितीतरी १२ जुलै १९६१ ला पाण्यानं नेले. तुमच्या सासऱ्यांना ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

त्या पुरातून आलेल्या माणसानं काय बांधलं बघा. वाडा बांधला नाही, पण वाड्यातलं शहाणपण आणलं. उंच काळं जोतं, कारण जमिनीची ओल आणि पुराचं पाणी दोन्ही त्यांनी पाहिलं होतं. जाड भिंत. पश्चिमेला सावलीची गॅलरी. वर कौलं. वाड्यात हेच काम ओसरी, चौक आणि माडी करायची. रात्री चौकात गार हवा उतरायची, दुपारी चारी बाजूंच्या माडीची सावली तिला सांभाळायची, संध्याकाळी सडा पडायचा. यजमानांना वाडा हवा असेल तर तो तुमच्या घरात २००५ पर्यंत होता.

शनिवारवाडा सगळ्यांना दगडी वाटतो, कारण १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम जळून गेलं आणि दगडी जोती नि तटबंदी मागे राहिली. प्रत्यक्षात पेशवाईतला वाडा म्हणजे दगडाच्या जोत्यावर उभा केलेला लाकडाचा सांगाडा, भिंती नंतर भरलेल्या. खांब ओझं वाहायचे. बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाड्यासमोर उभे राहून सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब बघा आणि त्यांच्या माथ्यावरची केळफुलं. ती सजावट खांबाला आहे आणि खांबाला काम आहे. प्रत्येक लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असायचा, म्हणजे ओल नि वाळवी वर चढायची नाही. हल्ली मुळशी रस्त्याला जे 'वाडा स्टाइल' बंगले दिसतात, त्यात आरसीसीच्या कॉलमला लाकडाचं कातडं चिकटवलेलं असतं, नाहीतर जुना खांब सिमेंटमध्ये गाडलेला असतो आणि पाच-सात पावसाळ्यांत बुडातून कुजतो.

तेव्हा पोर्चमधले दोन खांब उभे करू नका. स्लॅबखाली त्यांना काम नाही. आधी बुडाशी टोकदार पेचकस खुपसून बघा. आत भसकन गेला तर वाळवी आहे, खांब बाहेर उन्हात न्या आणि औषध मारल्याशिवाय घरात घेऊ नका. लाकूड धड असेल तर दोन्ही खांब आडवे, शेजारी शेजारी, खाली दोन काळ्या दगडांवर ठेवा. पश्चिमेच्या गॅलरीत संध्याकाळी बसायला बाक होईल. कोरीव बाजू पुढे यायला हवी, नाहीतर यजमान रुसतील.